दोन वर, दोन खाली

१

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तेलाराच्या सचिवबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. आतल्या भरतकामावर बोट ठेवून त्यांनी काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं आणि झाकण लावून टाकलं.

"हे कुणी बदललं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी मनात म्हटलं, झालं! आठ महिने यांनी नाकी नऊ आणले तेवढे पुरले नव्हते.

तेलारा म्हणजे हिंदी महासागरातला चिमुकला बेटांचा देश. जुन्या राजवटीचं राष्ट्रचिन्ह त्यांना बदलायचं होतं आणि ते काम जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बाविसाव्या मजल्यावरच्या छोट्या स्टुडिओला मिळालं होतं. मी उर्मिला, इथली प्रॉडक्शन मॅनेजर. चित्र संपलं की ते छापायचं, कापायचं, शिवून घ्यायचं, सगळं माझ्या डोक्यावर. दुबईत मला बावीस वर्षं झाली.

त्या देशात पाच समाज, आणि पाचांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ! मासा काढला तर ऊसवाले रुसले. ऊस काढला तर मच्छीमार रुसले. सूर्य काढला तर कुणीतरी विचारलं, उगवतीचा की मावळतीचा? एकोणीस डिझाइनं परत आली. विसावं आमच्या फिझाने केलं. तेलारात पाचही समाज झावळीची एकच चटई विणतात एवढं तिने हेरलं आणि पाच रंगांच्या पाच पट्ट्या एकमेकींत ओवून तारा काढला. निळी मच्छीमारांची, हिरवी ऊसवाल्यांची, तांबडी कुंभारांची, पिवळी व्यापाऱ्यांची, पांढरी मिठागरवाल्यांची. गंमत अशी की प्रत्येक पट्टी बाकीच्या चौघींना छेदते, दोघींच्या वरून जाते आणि दोघींच्या खालून. कुणीच सगळ्यांच्या वर नाही. हे मात्र पाचांनाही पटलं. डब्यात होता तो याच ताऱ्याचा भरतकाम केलेला नमुना.

"माझे लोक निळे," सचिवबाई म्हणाल्या. डोक्यावरची ओढणी त्यांनी सारखी केली. "निळी हिरवीच्या वरून जायची होती. तांबडीसुद्धा. इथे हिरवी चौघींच्या वर बसली आहे. आमच्याकडे सरकार ऊसवाल्यांचं, जमीन ऊसवाल्यांची. आता चिन्हातही तेच? मला एवढंच सांगा, त्यांनी तुमच्यातल्या कुणाला गाठलं?"

रात्री त्यांचं विमान होतं. चार वाजता परत येते, तोवर उत्तर तयार ठेवा, असं सांगून त्या गेल्या.

आमच्या मालकीणबाई नबिला मॅडम मूळच्या लेबनॉनच्या, पण वाढल्या इथे, आणि आमच्याशी हिंदीतच बोलतात. त्यांनी दहा मिनिटांत फाइलचा इतिहास काढला. मूळ फाइल शेवटची सेव्ह झाली होती शुक्रवारी बारा बावन्नला, फिझाच्या मशीनवर. आणि बारा पंचावन्नला फिझाच्याच ईमेलवरून ती करामा भागातल्या भरतकामवाल्या वलीचाचांकडे गेली होती.

"उर्मिला, चार बजे मुझे एक नाम चाहिए," मॅडम म्हणाल्या. "नहीं मिला तो फिझा का व्हिसा कॅन्सलेशन आज ही. खलास. पहले उसका ड्रॉवर देखो."

मी तरातरा निघाले. वाटेत कैवल्य कटिंग टेबलावर वाकलेला दिसला. चौतिशीचा माणूस, कोल्हापुरात दहा वर्षं फ्लेक्सचं काम केलेला, तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे लागला. हात सोन्याचा, पण याला एक भलती खोड. ऑफिसची हिरवी कटिंग मॅट समोर असताना हा तिच्यावर ब्राउन पेपर चिकटवून त्यावर कापतो. रोज नवीन कागद!

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. चेहरा पांढराफटक.

"आत्ता नाही!" मी ओरडले आणि फिझाचा ड्रॉवर ओढला.

२

ड्रॉवरमध्ये रंगीत कागदाच्या पट्ट्या, आंबापोळीचं पुडकं आणि मेट्रोचं कार्ड. ऊसवाल्यांचं पत्र वगैरे काही नाही. मान वर केली तर समोर फिझा उभी, हातात दोन कप करक चहा.

"एक तुमच्यासाठी आणला होता," ती म्हणाली आणि दोन्ही कप टेबलावर ठेवले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला अपराधी वाटलं की राग येतो, हा माझा जुना दुर्गुण. मी तिला मीटिंग रूममध्ये घेऊन गेले, सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, "शुक्रवारी साडेबारा ते सव्वा तू कुठे होतीस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर, आंटी."

"अगं बाई, तुझ्या मशीनवर फाइल बदलली गेलीये!"

"माझा पासवर्ड स्क्रीनच्या खाली चिकटवलाय. तुम्हीच चिकटवायला लावला होता, फायनल फाइल कुणालाही पटकन घेता यावी म्हणून. एव्हरीबडी यूजेस इट."

ते खरंच होतं.

फिझा सव्वीस वर्षांची. जन्म दुबईचा, शाळा शारजाची, घराणं दाभोळचं. तिचे अब्बा एकतीस वर्षं इथे एका कोल्ड स्टोरेजमध्ये होते. गेल्या वर्षी नोकरी संपली तसे अम्मीला घेऊन गावी गेले. ही इंटरनॅशनल सिटीत तिघींच्या खोलीत राहते आणि तिचा व्हिसा या नोकरीवर आहे. ही नोकरी गेली, तीही असा ठपका ठेवून, तर दुसरी कोण देणार? मोजक्या दिवसांत तिला विमानात बसावं लागलं असतं.

"फिझा, मला काहीतरी सांग. चार वाजता तुझंच नाव जाईल."

"जाऊ दे. कुठे पाठवतील? दाभोळला? तिथे मी उन्हाळ्यात पंधरा दिवस असते. तिथली मुलं मला दुबईवाली म्हणतात. इथे प्रत्येक फॉर्मवर विचारतात, होम कंट्री? दुसऱ्यांच्या देशाची खूण मी आठ महिने काढत बसले, आणि माझा स्वतःचा…" तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "यू ओपन्ड माय ड्रॉवर फर्स्ट, आंटी. मला विचारायच्या आधी."

ती उठून गेली. करक निवून त्यावर साय धरली होती. माझं डोकं भणाणून गेलं. पोरगी काहीतरी लपवत होती हे नक्की. पण ते लपवणं या गुन्ह्याचंच होतं का, ते मला कळेना.

३

अर्सलान लखनौचा, आमचा सीनिअर डिझायनर. त्याने काढलेला पक्षी तेलारावाल्यांनी पाच वेळा परत पाठवला होता. ते दुखणं त्याच्या मनातून गेलेलं नाही हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. फिझाचं डिझाइन पास झालं त्या दिवशी तो म्हणाला होता, "चटाई है, एक दिन उधड़ेगी." मी मनातल्या मनात त्याला केव्हाच पकडून ठेवला होता.

"शुक्रवार को पौने एक बजे?" तो हसला. "उर्मिलाजी, जुमा था. सामने की मस्जिद में था मैं. नीचे के सिक्युरिटीवाले के साथ गया, उसी के साथ लौटा, डेढ़ बजे. पूछ लीजिए."

मी तिथूनच लॉबीत फोन लावला. सिक्युरिटीवाल्याने शब्दन् शब्द तसाच सांगितला. माझा पकडलेला चोर सुटला, आणि तोही हसत. मला असा राग आला म्हणून सांगू!

"हँसो मत. उस लड़की की नौकरी जा रही है."

त्याचं हसू गेलं. खुर्ची पुढे ओढून तो हळू आवाजात बोलू लागला. "डिझाइन उसका मुझसे अच्छा था. जलन हुई, झूठ नहीं बोलूँगा. लेकिन एक बात सोचिए. मुझे बिगाड़ना होता, या किसी गन्नेवाले से मिला होता, तो मैं रंगीन वाला क्यों छेड़ता? मोहर बिगाड़ता."

मोहर म्हणजे शिक्का. याच चिन्हाची एक काळी-पांढरी आवृत्ती होती, नाण्यांवर, पासपोर्टवर आणि सरकारी कागदांवर उठवायला. रंगीत चिन्ह झेंड्यांवर जाणार, पण झेंडे काय, फाटतात, बदलतात. शिक्का वर्षानुवर्षं राहतो. ज्याला ऊसवाल्यांना वर बसवायचं आहे तो आधी शिक्क्याला हात घालेल.

"मोहर देखी आपने?"

नव्हती बघितली. कुणीच बघितली नव्हती. सगळे रंगीत डब्याभोवती नाचत होते. मी शिक्क्याची फाइल उघडली. ती त्याच फोल्डरमध्ये, रंगीत फाइलच्या शेजारीच होती. शिक्क्यात रंग नाहीत, नुसत्या रेघा, म्हणून ऊसवाल्यांची पट्टी कुठली ते आठवून काढावं लागलं. उजवीकडून दुसरी. बोट ठेवून मी मोजलं.

दोन वर, दोन खाली. शिक्क्याला कुणी हातही लावला नव्हता.

४

साडेबारा वाजले होते. मी टॅक्सी करून करामाला गेले.

वलीचाचांचं दुकान जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, एका बाजूला उडुपी हॉटेल, दुसऱ्या बाजूला चाव्यावाला. चाचा दाभोळचे, फिझाच्या अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. बावीस वर्षांत मी त्यांना शेकडो कामं दिली आणि तेवढ्याच वेळा झापलं.

"बाय, बसा," त्यांनी स्टूल पुसून दिलं. मी बसले नाही.

"चाचा, तुम्ही फाइलप्रमाणेच शिवलंत?"

"फायलीपरमानंच. हा बगा." त्यांनी कॉम्प्युटरवर फाइल दाखवली. हिरवी चौघींच्या वर. म्हणजे बदल इथे झाला नव्हता, इथे यायच्या आधीच झाला होता.

"तुमच्याकडे फिझाने कागदी पट्ट्यांची चटई दिली होती ना नमुन्याला? फरक दिसला नाही?"

चाचांनी स्क्रीनवरच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दिसला ना, बाय. डोले हायत मला. कागदात निली वरून, फायलीत निली खालून."

"मग मला फोन करायचा ना!"

"गेल्या रमजानात केला होता की. त्या हॉटेलच्या पडद्याचा. तुमी काय बोललात? चाचा, डोकं लावू नका, फाइल लावा." हे ते रागाने बोलत नव्हते, म्हणून मला जास्तच लागलं. "तवापासून डोकं घरी ठेवतो."

मी स्टुलावर बसले.

"फिझाचं काय?" मी विचारलं. "शुक्रवारी दुपारी ती कुठे होती, तुम्हाला माहीत आहे?"

चाचांनी नजर वळवली. मी सगळं सांगितलं, व्हिसा, चार वाजताची मुदत, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी उठून फडताळातून एक पुडी काढली. तिच्यात पांढरा रुमाल होता, आणि रुमालाच्या मधोमध हातमशीनवर भरलेला पाच पट्ट्यांचा तारा. टाके जरा वाकडे, नवख्या हाताचे. पण प्रत्येक पट्टी दोन वर, दोन खाली.

"पोरीनं बापासाठी केलाय. तुमच्या हापिसात कागदावर सही घेतलीय ना, चित्र बाहेर न्यायचा नाय म्हणून? म्हणून बोलत नाय ती. मी जुम्याला निंगालो तेव्हा ती हितं मशीनवर बसली होती. शटर अर्धा वडून गेलो. परत आलो तवा शेवटची पिवली पट्टी चालू होती."

नमाज आणि जाणं-येणं धरून पाऊण तास. करामाहून आमच्या ऑफिसला जाऊन यायला सव्वा तास तरी लागतो. आणि चार पट्ट्या भरून व्हायला वेळ लागतो तो वेगळाच. फिझा बारा बावन्नला या मशीनवर होती. चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

"चाचा, रुमाल मला द्या."

"तिला इचारून—"

"विचारते. या वेळी आधी विचारते."

मी तिथूनच फिझाला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "टेक इट."

दुकानातून बाहेर पडताना मी बोटांवर माणसं मोजली. शुक्रवारी आमच्याकडे अर्धा दिवस, बाकीचे घरून काम करतात. नबिला मॅडम अबुधाबीत होत्या. अर्सलान मशिदीत. फिझा इथे. बारा बावन्नला बाविसाव्या मजल्यावर दोनच माणसं होती. एक मी. शारजाच्या प्रिंटरशी फोनवर भांडत होते, आणि मधे दोनतीनदा कुणीतरी काही विचारायला आलं, त्याला मान वर न करता हाकललं होतं.

दुसरा कैवल्य.

५

परतीला मेट्रो घेतली, मला विचार करायला वेळ हवा होता. पण विचार पुढे जाईना. कैवल्यला तेलाराचं काय पडलंय? त्याला ऊसवाला म्हटलं तर कोल्हापूरचा कारखाना आठवेल. त्याला कोण गाठणार? आणि गाठलंच, तर शिक्का का सोडला?

बुर्जुमानला चढले, बिझनेस बे गेलं. समोर एका आईच्या मांडीवर बसून तिचा मुलगा कागदी झेंडा हलवत होता, इथला झेंडा. हिरवा, पांढरा, काळा आणि काठीच्या बाजूला उभा तांबडा. तो बघता बघता मला एकदम लख्ख दिसलं.

शिक्क्यात रंग नाही. ज्याने फाइल बदलली त्याला समाज दिसतच नव्हते. त्याला दिसत होता फक्त रंग. पट्ट्या म्हणजे कोणते लोक, हे माहीत असणारा माणूस शिक्क्यातही ऊसवाल्यांची पट्टी ओळखेल. पण ज्याच्या लेखी हिरवा म्हणजे नुसता हिरवा, त्याला काळ्या-पांढऱ्या शिक्क्यात बदलण्यासारखं काही दिसणारच नाही. कुठला रंग कुणाचा, याची मीटिंग पाच महिन्यांपूर्वी झाली. कैवल्य आला तीन महिन्यांपूर्वी. त्याला ते कुणी सांगितलं होतं? मी? छे! मी त्याला सांगितलं होतं ते भलतंच.

आणि मग ब्राउन पेपर आठवला.

ऑफिसात शिरले ती थेट कटिंग टेबलाशी गेले. कैवल्य जागेवर नव्हता. मी ब्राउन पेपरचं टोक धरून ओढलं. खाली हिरवी मॅट. तीन महिने रोज याने इथे काम केलं, पण मॅटवर ब्लेडचा एकही नवा ओरखडा नव्हता.

"मॅडम…"

तो मागे उभा होता.

"कैवल्य, तू हिरवीवर ब्लेड का चालवत नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, मॅडम. पहिल्याच दिवशी."

सांगितलं होतं. माझं नेहमीचं भाषण. नवीन माणूस आला की मी त्याला पंधरा मिनिटं उभं करून नियम ऐकवते. अर्धे कायद्यातले, अर्धे ऐकीव, काही तर माझ्याच डोक्यातून निघालेले. त्या दिवशी मी कशावरून तरी तडकलेली होते. हा मुस्लिम देश आहे, गंमत नाही. हिरव्या रंगाशी खेळायचं नाही, तो कशाच्या खाली दाबायचा नाही, कापायचा नाही, तुडवायचा नाही. एक चूक झाली तर थेट जेल आणि डिपोर्ट. कुणी तक्रार केली तर मी मधे पडणार नाही. असं सगळं मी त्याला ऐकवलं होतं.

"शुक्रवारी फाइल पाठवायची होती," तो सांगू लागला. "फिझा नव्हती. तिच्या मशीनवर उघडली, तर हिरवी पट्टी दोन ठिकाणी खाली दबलेली. म्हटलं, हे लोक बघतील, सचिवबाई तर ओढणी घेतात, नमाजी असणार. फिझा लहान आहे, लक्षात आलं नसेल, तिच्यावरच येईल. मी तुमच्याकडे आलो, मॅडम. एक विचारू म्हटलं. तुम्ही फोनवर होतात. आत्ता नाही म्हणालात. परत आलो, परत तेच. मग म्हटलं इथल्या झेंड्यातही हिरवा वरच आहे. दोन ठिकाणी वर घेतला आणि पाठवला. चांगलंच केलं असं वाटत होतं."

"आणि आज सकाळी का बोलला नाहीस?"

"बोलायलाच आलो होतो." तो रडायला आला. "पण धर्माच्या रंगासाठी केलं असं म्हटलं तर जेल होईल ना? खोलीतले पण तेच म्हणतात. माझी मुलगी दुसरीत आहे, मॅडम. मी तिला दर रविवारी फोनवर इथल्या बिल्डिंगा दाखवतो."

पलीकडून अर्सलानने सगळं ऐकलं होतं. तो उठून आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे भाई! हमारी मस्जिद का कालीन हरा है. हर जुमे को उसी पे पाँव रख के खड़े होते हैं हम लोग. किसने पढ़ाया तुमको ये?"

कैवल्यने माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

घड्याळात पावणेचार. नाव हवं होतं, ते मिळालं होतं. कैवल्य प्रोबेशनवर, एका सहीने गेला असता. फिझा वाचली असती, मॅडम खूश, आणि माझी बावीस वर्षं जशीच्या तशी. खोटं कशाला बोलू, तो विचार माझ्या मनात आला. लिफ्टची घंटा वाजेपर्यंत तो मनात होता.

६

सचिवबाई बसल्या. फिझालाही मी आत बोलावून घेतलं होतं. नबिला मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "नाम?"

"उर्मिला," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. कैवल्यने काय केलं तेही सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण तो दोनदा विचारायला आला होता आणि मी हाकललं. वलीचाचांना फरक दिसला होता, पण मी त्यांना डोकं घरी ठेवायला लावलं होतं. पासवर्ड मी चिकटवायला लावला. सकाळी डबा आला, तो तुमच्या हातात द्यायच्या आधी उघडून बघणं माझं काम होतं, तेही मी केलं नाही. "कुणीही कुणाला गाठलं नाही," मी म्हटलं. "ज्यांना शंका आली ते सगळे मला घाबरले, एवढंच झालं."

सचिवबाईंनी डबा बाजूला सरकवला. मग त्यांनी कैवल्यला आत बोलवायला सांगितलं. तो दाराशी उभा राहिला.

"हिरवी पट्टी कुणाची, तुम्हाला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली, नाही. "ते लोक दीडशे वर्षांपूर्वी तुमच्याच देशातून आमच्याकडे ऊस तोडायला आले. त्यांच्या दारात तुळस असते. पाच वेळा नमाज पढणारे आम्ही, निळे. माझा मान राखायला म्हणून तुम्ही मलाच खाली घातलंत."

सचिवबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू होतं की चीड, कोण जाणे.

"आमच्या समितीत दोन वर्षं हेच चाललं," त्या नबिला मॅडमना म्हणाल्या. "समोरच्याला काय लागेल याचे अंदाज बांधत सगळे बसायचे. पण विचारायचं कुणी नाही. एकोणीस चित्रं त्यापायीच गेली." मग त्या उसासल्या. "पण मला आज रात्री नमुना घेऊन जायचा आहे. उद्या सकाळी समितीसमोर रिकाम्या हातांनी उभी राहिले तर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

मी पर्समधून रुमाल काढला आणि फिझासमोर धरला. तो द्यायचा की नाही हे तिनेच ठरवायचं होतं.

फिझाने रुमाल हातात घेतला, एक वाकडा टाका अंगठ्याने दाबला, आणि तो सचिवबाईंसमोर ठेवला. "हा मी माझ्या अब्बांसाठी केला होता. नियम मोडून. आय ॲम सॉरी. टाके चांगले नाहीत, पण बरोबर आहे."

सचिवबाईंनी बोट ठेवून मोजलं. पाचही पट्ट्या, एकेक करून. दोन वर, दोन खाली. मग रुमालाची घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"तुमच्या अब्बांना दुसरा करून द्या," त्या म्हणाल्या. "मी परवानगीचं पत्र पाठवते."

फिझाचे कॅन्सलेशनचे कागद निघाले नाहीत. कैवल्यचेही नाहीत. माझी मात्र नबिला मॅडमनी तासभर हजेरी घेतली, आणि ती मी मुकाट ऐकली. तिघींच्या वाटचं भांडण एकटीने करायची सवय असलेल्या बाईला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

फिझाची माफी मागितली. ती म्हणाली, "ओके, आंटी." म्हणजे ओके नव्हतं. करक ती आता एकच आणते, स्वतःपुरता. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मंगळवारी सकाळी शारजाच्या प्रिंटरने पुन्हा घोळ घातला. मी फोनवर, आवाज टिपेला. तेवढ्यात टेबलापाशी सावली पडली.

"मॅडम, एक विचारू?"

आत्ता नाही, हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले. जित्याची खोड! मी दात आवळले आणि प्रिंटरला म्हटलं, थांब जरा. फोन टेबलावर ठेवला आणि मान वर करून कैवल्यकडे बघितलं.

"विचार."

त्याच्या हातात ब्लेड होतं. ब्राउन पेपर काढलेल्या मॅटकडे बघत तो म्हणाला, "हिच्यावर… कापू?"

"काप," मी म्हटलं.

तरीही तो जागचा हलेना. मग मी उठले, त्याच्याबरोबर टेबलापर्यंत गेले आणि त्याने पहिला काप देईपर्यंत तिथेच उभी राहिले.